हिरडीवरून फिरवलेली पट्टी काय सांगते?

मागच्या अंकात सुईच्या भीतीबद्दल लिहिताना 'आता लाळेवरूनही एचआयव्ही तपासता येतो' असं एक वाक्य मी ओघात लिहून गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. चोवीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांत लॅब टेक्निशियन होते आणि त्यातली चौदा वर्षं एचआयव्ही तपासणीच्या टेबलावर गेली. जे लिहिते आहे ते त्या टेबलावर शिकलेलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, वय २७. बावीस दिवसांपूर्वी माझा निरोध न वापरता संबंध आला. अमेरिकेहून येणाऱ्या मित्राला कारण न सांगता लाळेवरच्या चाचणीची तीन किट आणायला सांगितली. तोंड स्वच्छ असावं म्हणून प्रत्येक वेळी आधी ब्रश केला, माउथवॉशने चुळा भरल्या. तिन्ही वेळा एकच रेघ आली. आता काळजीचं कारण नाही ना? झोप मात्र लागत नाही.

तुम्हाला आज 'काळजी नाही' असं मी लिहू शकत नाही. तुम्हाला लागण झाली आहे असंही या पट्ट्या सांगत नाहीत. त्या फार लवकर वापरल्या गेल्या, एवढंच आहे.

या चाचणीला सगळे लाळेची चाचणी म्हणतात, मीही म्हणाले. पण थुंकी त्या पट्टीला नको असते. गालाखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींतून जी पातळ लाळ सुटते, तिच्यात आपल्याला हवं ते फारसं नसतं. हवा असतो तो हिरडी आणि दात यांच्या सांध्यातून, तोंडाच्या आतल्या त्वचेतून झिरपणारा द्रव. तो रक्तातूनच गाळून येतो, म्हणून रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, त्याच्यात थोडी उतरतात. थोडी म्हणजे रक्ताच्या मानाने शेकडो पटींनी कमी. म्हणूनच पट्टीचं मऊ टोक वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायचं असतं. ते चोखायचं नाही, त्यावर थुंकायचंही नाही.

मग ती बाटलीतल्या द्रावात उभी केली की ओल वर चढते. पट्टीवर एचआयव्हीच्या प्रथिनांचे छोटे तुकडे एका रेघेत बसवलेले असतात. द्रवात प्रतिपिंडं असतील तर ती तिथे अडकतात आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे तांबूस-जांभळी रेघ उमटते. ती 'टी' रेघ. ती कितीही पुसट असली तरी रेघच धरायची. 'पुसट आहे म्हणजे नाहीच' असं मनाशी म्हणत खिडकीच्या उजेडात पट्टी फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत. दुसरी 'सी' रेघ पट्टी नीट चालल्याची खूण असते. ती आली नाही तर चाचणी बाद. निकाल वीस मिनिटांनंतर आणि चाळीस मिनिटांच्या आत वाचायचा, सकाळी केलेली पट्टी संध्याकाळी बघून उपयोग नाही.

तुमच्या तिन्ही वेळा 'सी' आली, 'टी' आली नाही. म्हणजे पट्ट्या चालल्या आणि त्या दिवशी त्या द्रवात त्यांना प्रतिपिंडं सापडली नाहीत. पण लागण झाल्यावर शरीराला ती बनवायला काही आठवडे लागतात आणि हिरडीच्या द्रवात पट्टीला दिसण्याइतकी उतरायला आणखी वेळ जातो. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. तोंडाच्या चाचणीसाठी तो तीन महिन्यांपर्यंत धरतात. त्या आत एक पट्टी वापरली काय आणि तीन वापरल्या काय, उत्तरात फरक पडत नाही. तोंड धुण्याचंही राहिलं. चाचणीच्या आधी अर्धा तास ब्रश किंवा माउथवॉश वापरायचा नाही, पंधरा मिनिटं खायचं-प्यायचं नाही. तुम्ही स्वच्छतेच्या नादात जे हवं होतं तेच धुऊन टाकलंत.

या चाचणीवर माझा राग नाही. घरी वापरायची तोंडाची चाचणी अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा मंजूर झाली. मंजुरीआधीच्या अभ्यासात सामान्य लोकांनी स्वतःच्या हाताने ती केली, तेव्हा लागण असलेल्या साधारण बारा जणांमागे एकाची लागण तिला दिसली नाही. लागण नसलेल्याला चुकून पॉझिटिव्ह दाखवणं मात्र अगदी क्वचित घडलं. त्याच वर्षी जगभरातल्या अभ्यासांची एकत्र तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यात तोंडाच्या द्रवावर लागण ओळखण्याचं प्रमाण सुमारे ९८ टक्के निघालं आणि त्याच चाचणीला रक्त दिलं तर सुमारे ९९.७ टक्के. घरी बारांत एक हुकली आणि या अभ्यासांत शंभरांत साधारण दोन, शिकलेला हात आणि घरातला घाबरलेला हात यांतला फरक या आकड्यांत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्वतःची चाचणी स्वतः करण्याला पाठिंबा दिला, पण तिथेही अट एकच आहे : 'टी' रेघ आली तर रक्तावर खात्री करायची, त्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणायचं नाही.

तुम्ही आता असं करा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, जाऊन आज एकदा तपासणीसाठी रक्त द्या. प्रतिजन (विषाणूचाच अंश) आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी करून घेता आली तर पंचेचाळीस दिवसांनी तिचं उत्तर बरंच भरवशाचं असतं. तीन महिने पुरे झाल्यावर शेवटची तपासणी. तोवर निरोधाशिवाय संबंध नको आणि रक्तदान नको. या दिवसांत ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ असं काही झालं तर मेडिकलमधून गोळी घेऊन गप्प बसू नका, डॉक्टरांना खरी हकीकत सांगा. आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. असा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या असतात, त्यांनी लागण टळू शकते. तुमची ती वेळ गेली. पण हे तुमच्या मित्रांना माहीत असू द्या.

झोप येत नाही असं लिहिलंत. बाथरूमचं दार लावून एकट्याने चाळीस मिनिटं घड्याळ बघणं फार जड असतं, तुम्ही ते तीनदा केलंत. केंद्रात समोर समुपदेशक बसलेला असतो. त्याच्याशी बोलायला पॉझिटिव्ह असावं लागत नाही.

प्रश्न : आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सहा वर्षांपासून एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या घेतात. तब्येत उत्तम आहे. तुमचं सदर सासूबाईंनी वाचलं. 'लाळेत सापडतो म्हणजे उष्ट्यातून होणारच' असं म्हणून त्यांनी भाऊजींचं ताट, तांब्या, फुलपात्र वेगळं काढलं. ते काही बोलत नाहीत, पण आता जेवायला सगळ्यांच्या नंतर बसतात. (सोलापूर जिल्हा)

हे पत्र वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही. चूक माझ्या वाक्याची आहे. पुढचं समजावून न सांगता मी ते लिहायला नको होतं. तुमच्या भाऊजींची मी माफी मागते. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा, त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

आई, त्या पट्टीला लाळेत विषाणू सापडत नाही. ती विषाणू शोधतच नाही. शरीराने विषाणूविरुद्ध उभे केलेले पहारेकरी ती शोधते. पहारेकरी दिसले म्हणजे चोर घरात शिरल्याचं कळतं, पण पहारेकऱ्यांपासून शेजाऱ्याला धोका नसतो. लाळेत एचआयव्ही फारच थोडा असतो आणि लाळ त्याला टिकूही देत नाही. तिच्यातली काही प्रथिनं त्याला अडवतात, आणि ती रक्तापेक्षा इतकी पातळ असते की तिच्यात आलेल्या विषाणूबाधित पेशी फुगून फुटतात. उष्ट्या ताटातून, एका फुलपात्रातून, बाळाच्या पापीतून हा आजार पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित संबंधांतून, बाधित रक्तातून आणि सुईतून, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला. त्यात तुमचा मुलगा सहा वर्षं गोळ्या घेतो आहे. त्याच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला असेल, तर त्याच्यापासून संबंधांतूनसुद्धा लागण होत नाही, मग ताटाची काय कथा.

एआरटी सेंटरवर दूरच्या गावांहून येणाऱ्या बायकांच्या डब्यातली भाकरी-चटणी मी त्यांच्याबरोबर एका कागदावर घेऊन खाल्ली आहे. एकदा नाही, वर्षानुवर्षं.

आणि ताई, तुम्हाला म्हणून सांगते. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला आपल्या घरात राहण्याचा, घराच्या कुठल्याही भागातून बाजूला न काढलं जाण्याचा आणि घरातल्या सोयी भेदभावाशिवाय वापरण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. कायदा दाखवायची वेळ येऊ नये. आज रात्री तुम्हीच त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसा.

प्रश्न : मी नऊ वर्षं एआरटी घेतो. गावाजवळ एक जण झाडपाल्याचं औषध देतो, तेही तीन महिने घेतलं. नंतर पुतण्याने लाळेची चाचणी आणली, ती निगेटिव्ह आली. आता गोळ्या बंद केल्या तर चालतील का?

नाही. एक दिवससुद्धा नाही. पत्र मिळेपर्यंत बंद केल्या असतील तर उद्या सकाळी एआरटी सेंटरला जा, ते रागावणार नाहीत.

गोळ्यांनी विषाणू वर्षानुवर्षं दाबला गेला की शरीर प्रतिपिंडं कमी बनवू लागतं. तोंडात ती आधीच थोडी असतात, ती आणखी कमी होतात आणि पट्टीला दिसेनाशी होऊ शकतात. म्हणून जे एआरटीवर आहेत त्यांनी ही चाचणी करूच नये, असं किटच्या माहितीपत्रकातच सांगितलेलं असतं. तुमची निगेटिव्ह पट्टी झाडपाल्याचं यश सांगत नाही, तुम्ही नऊ वर्षं न चुकता घेतलेल्या गोळ्यांचं सांगते. विषाणू काही पेशींत झोपून राहतो आणि गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. तुमची खरी तब्येत व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याच्या, रिपोर्टवर कळते, ती तपासणी सेंटरवर मोफत होते. तो पाला तुम्ही घेत होता हेही तिथल्या डॉक्टरांना सांगा, काही पाल्यांचा एआरटीच्या गोळ्यांवर परिणाम होतो.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात एएनएम (आरोग्यसेविका) आहे. ऊसतोडीहून परतलेल्या बायका कधी कधी ऐन वेणांत येतात, हातात एकही कागद नसतो. रात्री लॅब बंद असते. अशा वेळी तोंडाची चाचणी करता आली तर? आणि नंतर बाळाचीही तशीच करता येईल का?

सिस्टर, तुमचा प्रश्न माझ्या मनात वीस वर्षांहून जास्त काळ आहे.

२००३ मधली गोष्ट. मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात होते. लॅब संध्याकाळी कुलूपबंद व्हायची आणि चावी कपाटात जायची. रात्री अकराच्या सुमारास एक बाई बाळंतपणाला आली. तिची तपासणी कधीच झालेली नव्हती. तिचं रक्त काढून नळी फ्रिजमध्ये ठेवली गेली. सकाळी दहाला मी कुलूप उघडलं, रॅकमधली ती नळी घेतली, आणि पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, दुसरी रिअ‍ॅक्टिव्ह, तिसरीही. बाळ पहाटे साडेतीनला जन्मलं होतं. त्या काळी आईला कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापीनची एक गोळी आणि बाळाला ७२ तासांच्या आत त्याच औषधाचे थेंब, एवढाच उपाय हाताशी होता. बाळाला थेंब मिळाले. आईची गोळी हुकली. दीड वर्षाने बाळाची तपासणी माझ्याच टेबलावर आली, ती पॉझिटिव्ह होती. आईला गोळी मिळाली असती तर बाळ नक्की वाचलं असतं असं मी म्हणू शकत नाही. पण चाचणीला अर्धा तास लागतो आणि आमच्या हातात साडेचार तास होते.

म्हणून २००६ मध्ये सेवाग्रामला जे झालं ते कानावर आलं तेव्हा मी रजा टाकून बघायला गेले होते. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रसूतिकक्षात डॉ. नितिका पंत पै आणि तिथल्या डॉक्टरांनी दिवसरात्र, चोवीस तास तोंडाच्या द्रवाची झटपट चाचणी सुरू केली होती. आधी समजावून सांगायचं, मग विचारायचं, मग पट्टी. पॉझिटिव्ह आलं तर रक्तावर खात्री आणि लगेच औषध. हजारावर बायकांना विचारलं गेलं आणि जवळपास सगळ्यांनी होकार दिला. वेणा देणारी बाई कशाला तपासणी करून घेईल, असं आम्ही शहाणी माणसं म्हणत होतो. त्याच संस्थेत साडेचारशे जणांवर आणखी एक अभ्यास झाला होता, त्यात तोंडाच्या द्रवाचे निकाल रक्ताच्या तोडीस तोड आले आणि बहुतेकांना सुईपेक्षा पट्टी बरी वाटली.

पण त्या कक्षात मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. किट लॅबमध्ये कुलपाआड नव्हतं, बाईच्या खाटेपासून चार पावलांवर होतं, आणि रात्री दोन वाजता ते वापरायला शिकलेलं कुणीतरी जागं होतं. तुमच्या केंद्रात ते काम बोटातल्या थेंबावरच्या चाचणीनेही होतं. सरकारी कार्यक्रमात ती असते आणि एएनएमला तिचं प्रशिक्षणही मिळतं. तोंडाच्या पट्टीची वाट पाहत थांबू नका. किटचा डबा प्रसूतिकक्षात ठेवायला मेडिकल ऑफिसरांकडून लेखी मागून घ्या, मुदत संपण्याची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. रात्री पट्टीवर दोन रेघा आल्या तर खात्रीच्या चाचण्या सकाळी होतील, पण आई आणि बाळाच्या औषधाचं काय करायचं हे डॉक्टरांना त्याच क्षणी फोन करून विचारायचं.

बाळाला मात्र तोंडाच्या पट्टीने कधीही तपासू नका. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात येतात आणि अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. पट्टी ती दाखवेल आणि निरोगी बाळावर शिक्का बसेल. बाळाच्या टाचेतलं रक्त विशिष्ट कागदावर टिपून, वाळवून पाठवतात आणि त्यात विषाणूच शोधतात. पहिली तपासणी सहा आठवड्यांची असते, म्हणजे सहा आठवड्यांच्या लसींच्या वेळीच. त्या दिवशी आई बाळाला घेऊन आली की लस टोचून तशीच परत जाऊ देऊ नका. शेवटचा निकाल अठरा महिन्यांनंतरच्या तपासणीवर ठरतो. ऊसतोडीला जाणारी बाई तेव्हा कुठल्या कारखान्यावर असेल हे आत्ताच विचारून वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, तुमच्या मुलीसारखी. माझं लग्न ठरलं आहे. मुलगा चांगला आहे पण मुंबईत एकटा राहिलेला आहे. तो आमच्याकडे चहाला आला की त्याच्या कपावरची लाळ घेऊन गुपचूप तपासता येईल का?

तू मुलीसारखी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

कपावरच्या लाळेवर ही चाचणी होत नाही. पट्टी हिरडीवरूनच फिरवावी लागते, ते वर वाचलं असशीलच. आणि कुणाच्या नकळत त्याची एचआयव्ही तपासणी करता येत नाही, त्याच २०१७ च्या कायद्याने संमती लागते. तुझी कुणी तशी केली असती तर तुला कसं वाटलं असतं, हेही बघ.

पण तुझी काळजी खरी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. लॅबमध्ये माझ्याकडे नवऱ्याने सांगितलं नाही म्हणून लग्नानंतर दोन महिन्यांनी कळलेल्या मुली आल्या आहेत. विचारायला लाज वाटली, असं त्यातली प्रत्येक जण म्हणाली. तू विचार. 'तुझी कर' असं म्हणू नकोस, 'आपण दोघांनी करून घेऊ' असं म्हण, आणि खरंच दोघांनी करा. तो चिडला तर का चिडला ते ऐकून घे. कधी कधी माणूस नुसता घाबरलेला असतो. साखरपुड्याच्या खरेदीला मुंबईला जाशील तेव्हा एक सकाळ मोकळी ठेवा. आयसीटीसीत पैसे लागत नाहीत. समुपदेशक दोघांशी वेगवेगळं बोलेल आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात देईल, तो एकमेकांना दाखवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. जवळचं केंद्र कुठे आहे हे १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन केला की कळतं, त्या फोनला पैसे पडत नाहीत.